पिप अपग्रेड करण्याआधी पायथॉनचे नाव सांगा

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत आणि गल्लोगल्लीच्या संगणक संस्थांत एकेका संगणकावर पायथॉनच्या दोन-तीन आवृत्त्या एकत्र नांदतात. त्या प्रत्येक आवृत्तीचा पिप वेगळा असतो. एवढी साधी गोष्ट विद्यार्थ्याला पहिल्या प्रॅक्टिकलला कोणी सांगत नाही. मग कोणीतरी 'पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप' अशी एक ओळ टाइप करतो आणि दुपारच्या बॅचचे काम अडते. स्वतःच्या लॅपटॉपवर असे झाले तर नुकसान एकट्याचे. लॅबमधला संगणक सगळ्यांचा असतो, तिथे ते सगळ्यांचे होते. म्हणून मी हा प्रश्न सार्वजनिक मानतो. पुढचे मुद्दे प्राचार्य, विभागप्रमुख, लॅब असिस्टंट आणि विद्यार्थ्यांसाठी आहेत. शेवटचा मुद्दा नाशिक महापालिकेसाठी आहे.

1. एका संगणकावर अनेक पायथॉन असणे ही गरज आहे.

'सगळे काढा आणि एकच नवा पायथॉन ठेवा' हा सल्ला वारंवार दिला जातो. तो चालत नाही, याची कारणे लॅबमध्येच दिसतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षाच्या सर्व शाखांना 'प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' हा विषय पायथॉनमधून दिला. त्यामुळे सिव्हिल आणि मेकॅनिकलची मुलेही याच संगणकांवर बसू लागली. त्यांना कोणतीही चालू आवृत्ती पुरते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे तसे नाही. आधीच्या बॅचचा कोड टेन्सरफ्लो 1.15 वर लिहिलेला असेल तर तो पायथॉन 3.7 च्या पुढे बसतच नाही. शिवाय उबुंटू या लिनक्स यंत्रणेला स्वतःच्या कामासाठी स्वतःचा पायथॉन लागतो, तो काढता येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षाचा एक, प्रोजेक्टचा एक आणि यंत्रणेचा एक असे तीन पायथॉन सहज होतात. या तिघांनी एकमेकांच्या पायात न येता राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

2. पिप संगणकाचा नसतो, एका विशिष्ट पायथॉनचा असतो.

पिप हे पॅकेज आणून बसवणारे साधन. ते 2008 मध्ये इयन बिकिंग यांनी लिहिले. 2014 पासून, म्हणजे पायथॉन 3.4 आणि 2.7.9 पासून, ते पायथॉनबरोबरच येते. इथेच घोटाळ्याचे मूळ आहे. चार पायथॉन बसवले की चार पिप येतात, पण टर्मिनलवर 'पिप' असे नुसते लिहिले तर त्यातला एकच धावतो. कोणता, ते पाथमधल्या, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या यादीतल्या, फोल्डरांच्या क्रमावर ठरते. लिहिणाऱ्याच्या मनात कोणता पायथॉन होता, हे संगणकाला कळत नाही.

विद्यार्थी येऊन म्हणतो, 'सर, नमपाय इन्स्टॉल केलंय, तरी मॉड्यूल नॉट फाउंड येतंय.' तो खोटे बोलत नसतो. नमपाय बसलेले असते 3.8 मध्ये आणि प्रोग्रॅम चालतो आहे 3.11 वर. मग तो पुन्हा इन्स्टॉल करतो, 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड' असे उत्तर येते आणि त्याचा संगणकावरचा विश्वास उडतो. 'पिप --व्हर्जन' विचारले असते तर उत्तरात पिपचा क्रमांक, तो ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता आणि शेवटी कंसात पायथॉनची आवृत्ती, असे तिन्ही एका ओळीत दिसले असते. दहा सेकंदांचे काम आहे, आणि तेच राहून जाते.

3. एप्रिल 2018 मध्ये काय झाले, ते प्रत्येक लॅब असिस्टंटला माहीत असावे.

त्या काळात अनेक लॅबमध्ये उबुंटू 16.04 होते. त्यात पायथॉन 2.7 आणि 3.5 शेजारी शेजारी, आणि पिप 8.1.1. पिप चालवला की शेवटी पिवळ्या अक्षरांत सूचना यायची: तुमची आवृत्ती जुनी आहे, 'पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप' ही आज्ञा वापरून अपग्रेड करण्याचा विचार करा. सूचना खुद्द पिपच देतो आहे म्हटल्यावर विद्यार्थी ती पाळणारच. 14 एप्रिल 2018 ला पिप 10 आला, आणि ही सूचना पाळणाऱ्यांना पुढच्या वेळी पिपऐवजी 'इम्पोर्टएरर: कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन' अशी ओळ दिसू लागली. जगभर दिसली.

कारण समजून घेण्यासारखे आहे. उबुंटूने '/यूएसआर/बिन/पिप' नावाची एक छोटी फाइल ठेवलेली होती. तिच्या नवव्या ओळीत लिहिलेले होते की पिपमधून 'मेन' हे फंक्शन घ्या. पिप 10 मध्ये त्याच्या कर्त्यांनी आतली रचना बदलली आणि ते फंक्शन आतल्या कप्प्यात हलवले. नवा पिप उतरला, पण दारावरची फाइल उबुंटूची होती. ती जुनीच राहिली आणि जुन्या जागी 'मेन' शोधत राहिली.

आता यातला सार्वजनिक भाग. उबुंटूने पिपमध्ये अशी सोय केलेली होती की प्रशासकाचे अधिकार नसताना पॅकेज बसवले तर ते त्या लॉगिनच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या '.लोकल' मध्ये जाते. म्हणजे नुकसान त्या एका लॉगिनपुरते मर्यादित राहायला हवे होते. पण आपल्या लॅबमध्ये लॉगिन किती असतात? बहुतेक ठिकाणी एकच, 'स्टुडंट' नावाचे, आणि त्याचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात. सकाळच्या बॅचने अपग्रेड केले की दुपारच्या आणि उद्याच्या बॅचलाही तोच बिघडलेला पिप. सुडोचा, म्हणजे प्रशासकाचा, पासवर्ड लपवला म्हणून संगणक सुरक्षित राहतो, ही समजूत इथे कामाला येत नाही. अशा वेळी एक्स्टर्नल परीक्षक समोर बसलेले असतात, सबमिशनची तारीख असते, आणि मुलाला वाटते आपलेच काही चुकले. मी अशी मुले पाहिली आहेत. प्रोग्रॅम बरोबर लिहिलेला असतो, पण लायब्ररी मिळत नाही म्हणून ती ओरलला मान खाली घालून उभी राहतात. हे बघवत नाही.

उपाय त्या दिवशीही सोपा होता. 'पायथॉन -एम पिप' असे चालवले की दारावरची फाइल वाटेत येतच नाही. 'पायथॉन -एम पिप अनइन्स्टॉल पिप' केले की '.लोकल' मधला नवा पिप निघून जातो आणि उबुंटूचा जुना पुन्हा वर येतो. त्याऐवजी अनेकांनी '/यूएसआर/बिन/पिप' ही फाइलच हाताने दुरुस्त केली. तो सल्ला तेव्हा सगळीकडे फिरत होता. पण जिथे वेगळी लॉगिन होती, तिथे ज्यांच्याकडे अजून जुना पिप होता त्यांचा पिप या दुरुस्तीने मोडला. एकाची अडचण सोडवताना यंत्रणेच्या फाइलला हात लावला की ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

4. नवा पिप प्रत्येक पायथॉनला चालतोच असे नाही.

जानेवारी 2021 मध्ये पिप 21.0 आला आणि त्याने पायथॉन 2.7 आणि 3.5 ची साथ सोडली. पुढे 3.6 साठी 21.3.1, 3.7 साठी 24.0 आणि 3.8 साठी 25.0.1 हे शेवटचे पिप ठरले. पिप 9 पासून पुढच्या आवृत्त्या ही मर्यादा स्वतः वाचतात आणि झेपेल तेच उतरवतात. उबुंटू 16.04 वरच्या 8.1.1 ला ते वाचताच येत नव्हते. त्याने 21.0 उतरवला, त्यातली नव्या पद्धतीची एक ओळ जुन्या पायथॉनला कळली नाही आणि 'सिंटॅक्सएरर' आला. इथे '-एम' नेही सुटका होत नाही, कारण बिघाड पिपच्या आतच असतो. तो फोल्डर काढून टाकावा लागतो. म्हणून जुना पायथॉन सांभाळायचाच असेल तर पिपचा वरचा आकडा बांधून द्यावा: 2.7 आणि 3.5 वर 'पिप<21' एवढेच मागावे, अवतरणचिन्हांत.

5. नियम एकच: आधी पायथॉनचे नाव, मग पिप.

लिनक्सवर 'पायथॉन3.8 -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप'. विंडोजवर 'पाय -3.8 -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप'. टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरांत. '-एम' चा अर्थ असा की या पायथॉनने आपल्याकडचे पिप हे मॉड्यूल चालवावे. कोणता पिप, हा प्रश्नच उरत नाही. चार आवृत्त्या असतील तर ही ओळ चार वेळा, आकडा बदलून द्यायची. 'सगळे पिप एकदम अपग्रेड' अशी आज्ञा नाही, आणि मुद्दा 4 वाचल्यावर ती नसलेलीच बरी हे पटेल.

विंडोजवर 'पाय -0' दिले की बसवलेल्या सर्व आवृत्त्यांची यादी येते आणि 'वेअर पिप' दिले की पाथमधले सर्व पिप क्रमाने दिसतात. लिनक्सवर त्यासाठी 'टाइप -ए पिप' आहे. विंडोजवर '-एम' वापरण्याचे आणखी एक कारण आहे. चालू असलेली 'पिप.ईएक्सई' फाइल विंडोज बदलू देत नाही, त्यामुळे पिप स्वतःला बदलायला गेला की अडखळतो. पिपच्या कर्त्यांनीही आपली सूचना सुधारली. विंडोजवर आता ती 'पायथॉन -एम' पासून सुरू होते, कधी पायथॉनच्या पूर्ण पत्त्यासह. आपल्या लॅब मॅन्युअलमध्ये मात्र अजून 'पिप इन्स्टॉल नमपाय' एवढेच छापलेले असते, मुले ते जर्नलमध्ये उतरवतात आणि पुढच्या वर्षीची मुले त्या जर्नलवरून. मॅन्युअलमधली ती ओळ बदलायला विद्यापीठाच्या परिपत्रकाची गरज नाही. विभागाच्या एका बैठकीत ते होऊ शकते.

6. यंत्रणेच्या पायथॉनला कोणीही हात लावू नये, शिक्षकांनीही.

उबुंटू 18.04 वर 3.6 होता. कोणी 3.8 बसवले आणि 'पायथॉन3' म्हटले की 3.8 च यावा म्हणून यंत्रणेतली जोडणी बदलली. दुसऱ्या दिवशी टर्मिनलचे चिन्ह दाबले तर टर्मिनल उघडेना. त्या उबुंटूमध्ये टर्मिनल उघडणारी फाइल पायथॉनमध्येच लिहिलेली होती आणि तिला लागणारे मॉड्यूल फक्त 3.6 साठी बसवलेले होते. बिघाड दुरुस्त करायला टर्मिनल हवे, आणि तेच बंद. लॅब असिस्टंटचा पूर्ण दिवस यात जातो, आणि बहुधा शेवटी उबुंटू नव्याने टाकले जाते.

2023 पासून डेबियन 12 ने आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांनी हे दार बंद केले. यंत्रणेच्या पायथॉनमध्ये पिपने काही बसवायला गेले की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असे सांगून नकार मिळतो. नकार टाळायला '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असा पर्याय आहे. यंत्रणेची पॅकेजे मोडू शकतात, हे त्याच्या नावातच लिहिले आहे. तरी घाईत तो वापरला जातो, पाहून पाहून पसरतो. सामायिक संगणकावर त्याला सक्त मनाई हवी.

7. ज्याचे काम त्याचे वातावरण, आणि ज्याचे त्याचे लॉगिन.

पायथॉन 3.3 पासून, म्हणजे 2012 पासून, 'व्हीएनव्ही' ही सोय पायथॉनमध्येच आहे. 'पायथॉन3.8 -एम व्हीएनव्ही प्रोजेक्ट' एवढे दिले की प्रोजेक्ट नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात 3.8 ची वाट आणि स्वतंत्र पिप. ते वातावरण सुरू केल्यावर आतल्या पिपला अपग्रेड करा, जुना ठेवा, मोडून टाका, शेजाऱ्याला काही होत नाही. बिघडले तर फोल्डर काढायचा आणि नवा करायचा. उबुंटूवर याचे पॅकेज वेगळे बसवावे लागते, ते लॅब असिस्टंटने प्रत्येक आवृत्तीसाठी एकदा बसवून ठेवावे. वाचनालयात नवी आवृत्ती आली म्हणून कोणी दुसऱ्याच्या हातातली जुनी प्रत काढून घेत नाही, आणि 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या नाशिकला हा शिष्टाचार नव्याने शिकवायला नको.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला जागेचा. टेन्सरफ्लो शेकडो मेगाबाइटचे, ते प्रत्येक मुलाच्या फोल्डरमध्ये उतरले तर हार्ड डिस्क भरेल. त्यासाठी विषयवार एकेक वातावरण '/ऑप्ट' मध्ये करावे. मुलांना ते वाचता आणि चालवता येईल, बदलता येणार नाही. प्रोजेक्टच्या गटाला तेवढे स्वतःचे द्यावे. दुसरा आक्षेप इंटरनेटचा. साठ संगणक एकाच वेळी तेच पॅकेज मागू लागले की लाइन बसते. मग 'पिप डाउनलोड' ने सर्व फाइली एकदा लॅबच्या सर्व्हरवर आणाव्यात आणि '--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स' देऊन तिथूनच बसवाव्यात. पॅकेजे महिन्यातून एकदा ताजी केली तरी चालते.

काही संस्थांनी रीस्टार्ट होताच संगणक मूळ स्थितीत नेणारे सॉफ्टवेअर बसवले आहे. त्याने संगणक वाचतो, पण प्रोजेक्टच्या मुलाने तासभर बसवलेले सगळेही पुसले जाते. ज्याच्या घरी लॅपटॉप नाही त्याला याचा फटका सर्वांत जास्त बसतो. गंगापूर धरणाच्या वाटेवर मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अनेक विद्यार्थ्यांची हीच स्थिती असते. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या या मंडळींना अभ्यासकेंद्रावरचा संगणक आठवड्यातून काही तासच मिळतो. ते तास बिघाड शोधण्यात गेले तर भरून मिळत नाहीत. स्वतंत्र लॉगिनचा खर्च शून्य आहे. लिनक्समध्ये ती सोय पहिल्या दिवसापासून आहे, तयार करण्याचे कष्ट तेवढे घ्यायला हवेत.

8. भिंतीवर एक कागद लावा.

त्यावर चार गोष्टी मराठीत असाव्यात: या लॅबमध्ये कोणत्या पायथॉन आवृत्त्या आहेत, कोणत्या विषयाला कोणती, नुसता 'पिप' चालवू नये, आणि बिघडल्यास कोणाला सांगायचे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बिघाड सांगितला तर दंड होईल या भीतीने मुले गुपचूप संगणक बंद करून दुसऱ्यावर जाऊन बसतात आणि तो तसाच पुढच्या बॅचच्या वाट्याला येतो. ज्याने सांगितले त्याला शिक्षा नाही, हे त्याच कागदावर विभागप्रमुखांच्या सहीने लिहावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पायथॉनचे धडे मराठी आवाजात दिले आहेत. त्याच धर्तीवर नाशिकच्या शिक्षकांनी या एका विषयावर दहा मिनिटांचे मराठी ध्वनिचित्रमुद्रण केले तर जिल्हाभर उपयोगी पडेल.

9. महापालिकेने सिंहस्थ कुंभमेळ्याची सॉफ्टवेअर घेताना आवृत्त्या लिहून घ्याव्यात.

मागच्या सिंहस्थाचे दुसरे शाही स्नान 13 सप्टेंबर 2015 ला झाले. योगायोग असा की पायथॉन 3.5 त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी, सप्टेंबर 2020 मध्ये, त्याची देखभाल संपली, आणि त्यानंतर चार महिन्यांत पिपनेही त्याला सोडले. पायथॉनच्या एका आवृत्तीचे आयुष्य साधारण पाच वर्षे, सिंहस्थ बारा वर्षांनी. दोन सिंहस्थांच्या मध्ये आवृत्तीच्या दोन पिढ्या संपून तिसरी चालू असते.

2014 पासून कुंभथॉन या उपक्रमाच्या निमित्ताने, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमधले संशोधक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने, शहरातली तरुण मुले गर्दी, आरोग्य, स्वच्छता अशा प्रश्नांवर उपाय करायला बसली. ती ऊर्जा खरी होती आणि 2026-27 साठीही ती लागणार आहे. गर्दी मोजणारे, हरवलेल्यांना शोधणारे, पार्किंग सांगणारे प्रोग्रॅम पुन्हा लिहिले जातील, आणि त्यातले बरेच पायथॉनमध्ये असतील. स्नान संपल्यावर त्यांचे काय, हे आजच ठरवावे लागेल. ज्या कोडबरोबर पायथॉनचा क्रमांक आणि प्रत्येक पॅकेजचा अचूक क्रमांक लिहिलेला नाही, तो दोन वर्षांनी त्याच्या लेखकालाही उभा करता येत नाही. पैसा नागरिकांचा, आणि हाती उरते ती न चालणारी फोल्डरे.

म्हणून निविदेत तीन अटी असाव्यात. पायथॉनची आवृत्ती आणि तिची देखभाल कोणत्या महिन्यात संपते हे लिहून द्यावे. पिपसह सर्व पॅकेजांची क्रमांकवार यादी कोडबरोबर द्यावी. आणि अंतिम बिल निघण्यापूर्वी महापालिकेच्या संगणक विभागातल्या कर्मचाऱ्याने, कंत्राटदाराचा माणूस शेजारी नसताना, कोऱ्या संगणकावर त्या यादीवरून तो प्रोग्रॅम स्वतः बसवून चालवून पाहावा. चालला तर बिल मंजूर करावे, नाही चालला तर यादी दुरुस्त होईपर्यंत थांबवावे.